ताकीद कीं दंड?



घरोघर आज एक अनुभव येतो. मोबाईलवर संदेश येतो कीं, अमुक दिवशीं अमुक चौकांत आपल्या वाहनानें अमुक नियम मोडला, सबब इतके रुपये भरावे. गृहस्थ आठवूं लागतो. त्या दिवशीं गाडी आपण नेली होती, चिरंजीवांनीं नेली होती, कीं शेजाऱ्यांनीं मागून नेली होती? कांहीं केल्या आठवत नाहीं. मग रक्कम भरली जाते किंवा तशीच राहते. पण चूक कोणती झाली आणि ती कां झाली, याचा विचार कोणीच करीत नाहीं. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पूर्वींचा हवालदार बरा, निदान दोन शब्द समजावून तरी सांगे." त्यावर तरुण मंडळी उत्तर देतात, "सांगे खरा, आणि सांगतां सांगतां हातहि पुढें करी."

दोन्ही बोलणीं खोटीं नाहींत. म्हणूनच वाहन हांकणाराकडून लहानशी चूक झाली असतां पोलिसानें त्याला ताकीद देऊन सोडावें कीं दंड करावा, हा प्रश्न केवळ आजच्या रागलोभावर सोडवूं नये, त्याचा पूर्वेतिहासहि पाहावा, असें मला वाटतें. मी कायद्याचा पंडित नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्यावरील पिंपळी या गांवचा मी एक निवृत्त शाळामास्तर. परंतु चुकलेल्या मुलाला समज द्यावी कीं छडी द्यावी, या प्रश्नाशीं झगडण्यांतच माझें आयुष्य गेलें आहे, आणि रस्त्यावरचा प्रश्न त्याहून फारसा निराळा नाहीं.

'ताकीद' आणि 'दंड' हे दोन्ही शब्द आपल्या राज्यकारभारांत जुने आहेत. मराठेशाहीच्या मोडी दफ्तरांत ताकीदपत्रें हा कागदांचा एक नेहमींचा प्रकार आहे. एखादा अंमलदार, पाटील किंवा रयतेपैकीं कोणी गैर वागला, तर पुन्हां असें न करणें, अशी लेखी आज्ञा त्याला जात असे. दंडाला त्या काळीं 'गुन्हेगारी' म्हणत. आज या शब्दाचा अर्थ पालटला आहे, पण तेव्हां गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल भरावयाची रक्कम. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ताकीदपत्र हें पत्र होतें. तें कोणाला दिलें, कशाबद्दल दिलें, हें त्यांत लिहिलेलें असे. म्हणून तोच माणूस पुन्हां चुकला, तर पूर्वीं ताकीद दिली असतां ऐकिलें नाहीं, असें त्याला बजावतां येई. तोंडी दटावणी आणि ताकीद या दोन वस्तु एक नव्हेत.

आतां याच काळांतील पुण्याच्या रस्त्यांकडे पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या चाकरींत असलेल्या टोन नांवाच्या एका अधिकाऱ्यानें पुण्याच्या कोतवालीचें वर्णन केलें आहे. रात्रींची तोफ झाल्यावर जो कोणी रस्त्यावर सांपडे, त्याला सकाळपर्यंत अटकेंत ठेवीत, आणि खुद्द पेशव्यांनाहि एकदां असें रात्रभर अडकून पडावें लागलें, अशी गोष्ट तो सांगतो. गोष्ट खरी असो वा नसो, रस्त्याचा नियम सर्वांना सारखा असावा ही लोकांची अपेक्षा तींत दिसते. परंतु याच कोतवालीची दुसरी बाजूहि आपणांस माहीत आहे. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यांत घाशीराम कोतवालाच्या माणसांनीं पकडून कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं अनेकजण एका अरुंद जागेंत गुदमरून मेले, आणि खवळलेल्या लोकांनीं त्या कोतवालाला दगडांनीं ठेचून मारलें. रस्त्यावरच्या अंमलदाराची मर्जी हाच जेव्हां कायदा होतो, तेव्हां कोणाला सोडलें आणि कोणाला कोंडलें याचा हिशेब कोणापाशीं राहत नाहीं.

पुढें मोटार आली आणि तिच्याबरोबर दंडहि आला. इंग्लंडांतील केंट परगण्यांत १८९६ च्या जानेवारींत वॉल्टर आर्नोल्ड नांवाचा एक गृहस्थ ताशी आठ मैल वेगानें गाडी हांकीत चालला होता. त्या ठिकाणीं वेगाची मर्यादा ताशी दोन मैलांची होती. एका शिपायानें सायकलवरून सुमारें पांच मैल पाठलाग करून त्याला धरलें, आणि वेगाबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. वेगाबद्दल मोटारवाल्याला झालेल्या पहिल्या शिक्षांपैकीं ही एक मानतात. गंमत अशी कीं त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा बदलून ही मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढविण्यांत आली. जानेवारींत जो गुन्हेगार ठरला, तो डिसेंबरांत निर्दोष ठरला असता. वाहनाचा लहान गुन्हा हा चोरीसारखा मुळांत पापमय नसतो. तो पुष्कळदां काळाप्रमाणें ठरतो, आणि म्हणूनच तो समजावून सांगण्याची गरज अधिक असते.

आमच्या बारामतीला दौंडाहून रेल्वे आली १९१४ सालीं. त्याच वर्षीं हिंदुस्थानासाठीं मोटारगाड्यांचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. त्यानंतर रस्ते वाढले, भाड्याच्या मोटारी वाढल्या, आणि १९३९ सालीं नवा, विस्तृत कायदा करण्यांत आला. या १९३९ च्या कायद्यांतील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलक्या आहेत. ज्या चुकीला निराळी शिक्षा सांगितलेली नाहीं अशा किरकोळ चुकीबद्दल पहिल्या वेळीं वीस रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पण पूर्वीं शिक्षा झालेला माणूस पुन्हां चुकला, तर शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे दुसरी चूक ही पहिलीच्या पांचपट गंभीर, असें कायदा करणारांनीं मानलें. दुसरी तरतूद अशी कीं लहान गुन्ह्याच्या आरोपीला न्यायालयांत खेटे न घालतां टपालानें गुन्हा कबूल करून, न्यायालय सांगेल ती पंचवीस रुपयांपर्यंतची रक्कम पाठवितां येत असे. आज आपण घरबसल्या भरतों त्या रकमेचें हें पूर्वरूपच म्हणावयाचें.

कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला समोरचा माणूस पहिल्यांदां चुकला आहे कीं पांचव्यांदां, हें कळावयाचें कसें? त्याच्यापाशीं शिट्टी होती, पावतीपुस्तक होतें, आणि स्वतःची आठवण होती. नाक्यावरचा शिपाई बदलला कीं ती आठवणहि बदलून जाई. कायद्याला पहिली आणि दुसरी चूक यांतील भेद कळत होता. रस्त्याला तो कळत नव्हता.

याचा अर्थ काय होतो, तें मीं माझ्या गांवच्या रस्त्यावर दोन वेळां पाहिलें. नोकरीला लागून मला थोडेच दिवस झाले होते. एके दिवशीं संध्याकाळीं बारामतीहून सायकलवर परत येतांना अंधार पडला, आणि माझ्या सायकलला दिवा नव्हता. वाटेंत एका हवालदारानें मला थांबविलें. सायकलवाल्यांना त्या काळीं होणाऱ्या शिक्षा ठरलेल्या होत्या: चाकांतील हवा सोडणें, किंवा दोन-पांच रुपयांची पावती. त्यानें यांतलें कांहींच केलें नाहीं. माझ्या हातांतील पिशवींत वह्या पाहून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हींच असें केलें तर पोरांनीं काय शिकावें? आतां चालत घरीं जा, आणि उद्यां वर्गांत ही गोष्ट सांगा." मी सायकल हातांत धरून चालत घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत ती गोष्ट सांगितली, आणि त्या महिन्याच्या पगारांत पहिला खर्च दिव्याचा केला. पांच रुपये भरून मी सुटलों असतों, तर दिवा घेतला असता कीं नाहीं, सांगतां येत नाहीं.

पण दुसरी गोष्ट अशी सुखाची नाहीं. आमच्या भागांत भवानीनगर आणि माळेगांव येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे रात्रभर उसाच्या टायरगाड्या रस्त्यानें चालत असतात. गाडीच्या मागें कंदील बांधावा, हा नियम सर्वांना माहीत. पण घासलेट महाग, कांच फुटलेली, आणि गाडीवान दिवसभराच्या कष्टानें पेंगुळलेला. आमच्या गांवावरून नेहमीं जाणाऱ्या अशाच एका गाडीवानाला पोलिसांनीं त्या हंगामांत अनेकदां थांबविलें होतें. दर वेळीं तो हात जोडी, "साहेब, एवढ्या वेळीं जाऊं द्या," म्हणे, आणि गरीब माणूस म्हणून दर वेळीं त्याला सोडून देत. सोडणारे शिपाई निरनिराळे होते, आणि प्रत्येकाला वाटे कीं याची ही पहिलीच वेळ. एका रात्रीं मागून येणारी मोटारसायकल त्या बिनकंदिलाच्या गाडीवर आदळली, आणि एक तरणाताठा मुलगा जागच्या जागीं गेला. तो माझ्याच शाळेंत शिकलेला होता. त्या गाडीवानावर दया करणारांपैकीं एकहि वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्या दयेची बेरीज कोणीच केलेली नव्हती. तेव्हांपासून मला वाटत आलें आहे कीं ताकीद देणें हें वाईट नाहीं. दिलेल्या ताकिदीची नोंद न राहणें, हें वाईट.

ताकीद देण्याचा पद्धतशीर प्रयोग परदेशांत पूर्वींच झालेला आहे. १९३८ सालीं इंग्लंडच्या वायव्य भागांत, विशेषतः लँकेशायर परगण्यांत, सरकारनें रस्त्यावरील मोटारगस्त पुष्कळ वाढविली, आणि चुकणाऱ्याला न्यायालयांत खेंचण्यापेक्षां त्याला थांबवून सौजन्यानें चूक समजावून सांगावी, असें धोरण ठेविलें. लोकांनीं या शिपायांना 'सौजन्याचे पोलीस' असें नांवच देऊन टाकलें. अपघातांची संख्या घटली. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि प्रयोग तेथेंच राहिला. या प्रयोगाचा दाखला देतांना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. अपघात घटले ते गोड बोलण्यानें, कीं रस्त्यावर शिपायांची संख्या वाढल्यानें, हें वेगळें काढणें अवघड आहे. बहुधा दोन्हींचा वांटा असावा. शिपाई डोळ्यांपुढें असेल, तरच त्याच्या शब्दाला वजन.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९८८ सालीं १९३९ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा झाला आणि १९८९ च्या जुलैपासून तो अमलांत आला. त्यांत किरकोळ चुकीबद्दल पहिल्या वेळीं शंभर आणि पुढील वेळीं तीनशें रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनें हे आंकडे पांचशें आणि दीड हजार झाले. १९३९ सालीं दुसरी चूक पहिलीच्या पांचपट होती, ती आतां तिप्पटच राहिली आहे. दंडाच्या रकमा वाढत गेल्या; पण नवखा आणि निर्ढावलेला यांच्यामधील अंतर उलट कमी होत गेलें.

या २०१९ च्या दुरुस्तीची कथा महाराष्ट्रांत फार गाजली. नवे दंड १ सप्टेंबर २०१९ पासून देशांत लागू झाले. विनापरवाना वाहन हांकण्याचा दंड पांचशेंवरून पांच हजारांवर आणि दारू पिऊन हांकण्याचा दोन हजारांवरून दहा हजारांपर्यंत गेला. शेजारच्या गुजरातनें त्याच महिन्यांत अनेक रकमा कमी केल्या. महाराष्ट्र सरकारनें तर अंमलबजावणीच थांबवून धरली, आणि वाढीव रकमा येथें लागू झाल्या त्या २०२१ च्या डिसेंबरांत. त्याच २०१९ सालीं जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून पुण्यांत हेल्मेटसक्तीची कडक मोहीम सुरू झाली होती. विरोधांत मोर्चे निघाले, आणि जून महिन्यांत शहराच्या आमदारांनीं मुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणें नेल्यावर रस्त्यांत अडवून होणारी कारवाई थांबविण्याची सूचना झाली. याच्या उलट टोंकाचाहि एक प्रकार आपण पाहिला आहे. २००६ सालीं 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट निघाल्यावर 'गांधीगिरी' हा शब्द सर्वतोमुखीं झाला, आणि ठिकठिकाणीं वाहतूक पोलीस हेल्मेट न घालणारांना गुलाबाचें फूल देऊं लागले. फूल घेणारा हंसत निघून जाई, आणि तें फूल कोणाला दिलें याचीहि नोंद कोठें होत नसे.

एकीकडे फूल, दुसरीकडे पांच हजार. मधली पायरी मात्र कोठेंच नाहीं. शाळेंत अशा पद्धतीनें एकहि मूल सुधारलें नसतें.

ही मधली पायरी बांधण्यास आज एक साधन आपल्या हातीं आलें आहे. २०१६ सालीं मुंबईंत आणि मग राज्यांत इतरत्र ई-चलानाची पद्धति आली. कॅमेरा किंवा शिपायाच्या हातांतील यंत्र गाडीचा क्रमांक टिपतें, आणि मालकाकडे संदेश जातो. त्यानें रस्त्यावरची चिरीमिरी पुष्कळ कमी झाली, हा त्याचा मोठा गुण. पण संदेश चालविणाराला न मिळतां मालकाला मिळतो, आणि रकमा थकत जातात. असलीं थकलेलीं प्रकरणें निकालांत काढण्यासाठीं लोकअदालतींपुढें न्यावीं लागलीं. चूक झाल्याच्या क्षणीं कान धरला तर मुलाला समजतें. परीक्षा होऊन गेल्यावर धरला, तर तें मास्तरांचा रागच करतें.

तथापि या यंत्रांत एक गुण असा आहे कीं जो जुन्या हवालदारांत नव्हता: त्याला विसर पडत नाहीं. आणि कायद्यानेंहि या स्मरणशक्तीला आतां जागा करून दिली आहे. आपण पोलिसांकडे भरतों ती रक्कम काटेकोरपणें दंड नव्हे. दंड न्यायालय करतें; ही रक्कम म्हणजे न्यायालयांत न जातां केलेली तडजोड, आणि ती किती असावी हें राज्य सरकार ठरवितें. पूर्वीं अशी तडजोड झाली कीं प्रकरण तेथेंच संपत असे. २०१९ च्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं तडजोड झाली तरीहि ती चूक पहिली चूक म्हणून मोजावी, म्हणजे पुढच्या वेळीं ती दुसरी ठरेल. दंडांच्या मोठ्या आंकड्यांच्या गलबल्यांत या लहानशा कलमाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. माझ्या मतें त्या कायद्यांतील अत्यंत शहाणपणाच्या वाक्यांपैकीं तें एक आहे.

माझी सूचना एवढीच कीं जें तडजोडीला लागू केलें, तें ताकिदीलाहि लागू करावें. दिवा बंद असणें, क्रमांकाची पाटी पुसट असणें, कागदपत्र घरीं राहणें, अशी किरकोळ चूक पहिल्यांदां झाली, तर त्याच यंत्रावरून रकमेचा नव्हे, तर ताकिदीचा संदेश जावा: आपण अमुक नियम मोडला, तो नियम अमुक कारणासाठीं आहे, ही आपली पहिली वेळ म्हणून सोडीत आहों, पण ही नोंद राहील. वर्षाच्या आंत तीच चूक पुन्हां झाली, तर दुसऱ्या वेळेचा दंड पुरा घ्यावा, आणि मग कोणाचे हात जोडणें किंवा कोणाची ओळख कामास येऊं देऊं नये. इंग्लंडांत आज वेगमर्यादा थोडी ओलांडणाराला दंडाऐवजीं स्वखर्चानें एका शिक्षणवर्गाला बसण्याची मुभा देतात, आणि ही सवलत वरचेवर मिळत नाहीं. तेथेंहि सवलतीचा आधार नोंद हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येकाला एक चूक फुकट मिळाली. याचें उत्तर असें कीं ही सवलत किरकोळ चुकीपुरतीच असावी. देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि सरकारी अहवालाप्रमाणें त्यांतील शंभरांपैकीं सुमारें ७१ मृत्यु अतिवेगामुळें झाले. बेफाम वेग, मद्यपान, उलट्या बाजूनें वाहन घालणें, तांबडा दिवा ओलांडणें, यांना पहिल्या वेळींहि ताकीद नको. कारण तेथें दुसरी वेळ येण्यापूर्वींच कोणाचा तरी जीव गेलेला असतो. कंदील नसलेल्या गाडीवरहि शेवटीं जीव गेलाच, हें मी विसरलों नाहीं. पण तेथें पहिल्या ताकिदीनंतर दुसऱ्या वेळीं हिशेब झाला असता, तर तो अपघात टळण्याची आशा होती. शिवाय पांचशें रुपये हे मोटारवाल्याला एका संध्याकाळच्या जेवणाचे, तर ऊसतोडणी करणाराला दिवसभराच्या घामाचे पैसे असतात. रक्कम सारखी असली तरी भार सारखा नसतो. ताकीद मात्र दोघांनाहि सारखीच मिळते, आणि ती ऐकणें किंवा न ऐकणें दोघांच्याहि हातीं असतें.

अलीकडे आमच्या भागांत गळिताच्या हंगामाच्या तोंडाशीं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना आणि गाड्यांना मागें चमकणाऱ्या तांबड्या पट्ट्या लावण्याची मोहीम पोलीस हातीं घेतात. गाडीवानाला थांबवितात, दोन शब्द सांगतात, आणि पट्टी लावून देतात. रात्रीं घराच्या ओट्यावर बसलों असतां दूरवरून त्या पट्ट्या चमकतांना दिसतात. ती पट्टी म्हणजेहि एक ताकीदच आहे, आणि ती मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाचतां येते. माझा तो विद्यार्थी गेला त्या रात्रीं अशी एक पट्टी त्या गाडीवर असती, तर आज तो आपल्या मुलांना शाळेंत पोंचवीत असता.

आपण शहरांत राहणारे सुशिक्षित लोक आहां. मोबाईलवर पुढचा संदेश येईल तेव्हां रक्कम भरण्यापूर्वीं, किंवा सरकारवर रागावण्यापूर्वीं, घरांतील जो कोणी त्या दिवशीं गाडी घेऊन गेला होता त्याला जवळ बसवून एवढेंच विचारा कीं नियम कोणता होता आणि तो कोणासाठीं केलेला आहे. सरकारची ताकीद येईल तेव्हां येवो. घरांतील ताकिदीला कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.